लव्हिनिया मॅब्रीची हॅट

या, इकडे सरकून बसा, तिथे पंख्याचा वारा पोहोचत नाही. हातातलं काम थोडा वेळ राहू द्या. मी सांगणार आहे ते अर्ध्या कानाने ऐकण्यासारखं नाही. गोष्ट एका हॅटची आहे. खरं तर दोन मैत्रिणींची आणि त्यातल्या एकीच्या मुलाची आहे. यात वाईट कुणीच नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. एखादा वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, देवापुढे त्याचं नाव घेऊन आम्ही मोकळे झालो असतो.

मेकन शहरात, आमच्या टेकडीच्या पायथ्याला, ओझेला ट्रेडअवेचं हॅटांचं दुकान होतं. एके काळी त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना आपल्याच काळ्या माणसांची दुकानं होती. न्हावी, शिंपी, औषधवाला, फोटोवाला, मासे तळून देणारी मिस पर्ल. मग महामार्ग आला आणि अर्धी वस्ती घेऊन गेला. उरलेल्यांची पोरं शिकून दुसरीकडे गेली. शेवटी त्या ओळीत दिवा लागायचा तो ओझेलाच्या खिडकीत.

तिची काम करायची तऱ्हा तुम्हाला सांगायलाच हवी. टेप नाही, कागद नाही. बाईला खुर्चीवर बसवायची, डोळे मिटायची आणि दोन्ही तळहात तिच्या डोक्याभोवती धरून उभी राहायची, जशी काही प्रार्थनाच करते आहे. मग प्रश्न. चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसता? मागे कोण बसतं, बुटकं की उंच? शेजारणीच्या हॅटचा रंग कोणता? आणि पवित्र आत्मा अंगात आला की नुसत्या डुलता, की उड्या मारता? मदर हेस्टर क्रम्पलरला, म्हणजे आमच्या चर्चमधल्या सगळ्यांत थोरल्या बाईंना, तर तिने तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या हॅटला आतून दोन पट्ट्या जास्त लावते, कारण रेव्हरंड सुरात शिरले की तुम्ही कुठल्या बाकावर उतराल याचा नेम नाही. हेस्टरबाईही काही कमी नव्हत्या. म्हणाल्या, पट्ट्या लाव, पण पैसे रेव्हरंडांकडून घे.

एक हॅट एकाच डोक्यासाठी, हा तिचा नियम. तशी दुसरी करायची नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. याला कारण होतं. ओझेला लहान होती तेव्हा शहरातल्या मोठ्या दुकानांत आपल्या बायकांना हॅट डोक्यावर घालून बघू देत नसत. लांबून बघायची, पैसे द्यायचे, घरी न्यायची. बसली तर बसली, परत घेत नसत. ओझेलाची आई कित्येक वर्षं कानांवर घसरणारी हॅट घालून गायनवृंदात उभी राहिली, एक हात हॅटला आणि एक हात गाण्याच्या पुस्तकाला. ओझेलाने ते पाहिलं होतं. ती म्हणायची, आपल्या बाईच्या डोक्याला कुणी तरी नीट हात लावून विचारलं पाहिजे, बाई, तुला काय हवंय.

लव्हिनिया मॅब्री ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, चर्चमध्ये खालच्या पट्टीचा आवाज, आणि हसायला लागली की आख्खा बाक हलायचा. तिला कर्करोग झाला, औषधांनी केस गेले, डावं कानशील खोल गेलं. तशात ती ओझेलाच्या खुर्चीत येऊन बसली. म्हणाली, अगं, आता माप घ्यायला अगदी सोपं झालंय. त्या दिवशी ओझेलाने बराच वेळ हात काढलेच नाहीत. मग तिने जांभळ्या रेशमाची एक हॅट केली. डावीकडे कड अशी झुकती की खोल गेलेलं कानशील झाकलं जावं, आणि उजवीकडे तीच कड एकदम वर उचललेली, पाखराने उडायच्या आधी पंख उघडावा तशी. आजारी बाईचं दुखणं लपवायला केलेली ती युक्ती, पण बघणाऱ्याला वाटे काय डौल आहे. लव्हिनियाने शेवटपर्यंत तीच घातली. तिच्या अंत्यविधीला ती बाकावर तिच्या जागी ठेवली होती, आणि नंतर तिचा एकुलता एक मुलगा कॉर्डेल ती घरी घेऊन गेला.

हा कॉर्डेल म्हणजे आमच्या वस्तीचं भाग्य. शिकला, मोठ्या शहरात नोकरी केली, आणि आई आजारी पडली तेव्हा परत आला तो इथेच राहिला. चर्चच्या तळघरात त्याने ‘शेजारहात’ नावाची संस्था सुरू केली. आपल्या माणसांचे धंदे उभे राहावेत, टिकावेत, वाढावेत, एवढंच तिचं काम. नफ्याशी संबंध नाही. बँकेत कुणी दाराशीही उभं करत नसे अशा माणसांबरोबर हा जाऊन बसायचा. पर्सिव्हल न्हाव्याला त्याने दुसरी खुर्ची घेऊन दिली, तळलेल्या माशांची एक गाडी रस्त्यावर आणली, संध्याकाळी हिशेबाचे वर्ग घेतले. मी तिथे कॉफी करायची आणि फोन उचलायची. रविवारी मात्र माझं काम दाराशी, पांढरे हातमोजे घालून लोकांना बाकांवर बसवायचं.

तर झालं असं की ओझेलाच्या दुकानाची इमारत मालकाने विकायला काढली. ओझेला भाडेकरू. नवा मालक तिथे काय करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, शेजारच्या दोन इमारतींचं काय झालं ते समोर दिसतच होतं. कॉर्डेल धावला. एका निधीतून ती इमारत ओझेलाच्या नावावर घेता येणार होती, पण निधीवाले बाहेरचे लोक, त्यांना धंदा वाढतोय याचा पुरावा हवा होता. महिन्याला दोन-तीन हॅट्स करणारी म्हातारी, याला ते वाढ म्हणेनात. कॉर्डेलने खटपट करून अटलांटातल्या एका मोठ्या दुकानाला तयार केलं. ओझेलाच्या नावाने, तिच्या घडणीची एक हॅट ते बनवून विकणार, तिला तिचा वाटा देणार. त्यांना फक्त नमुना हवा होता.

तो दुकानात आला तेव्हा मी तिथेच होते, हॅटांच्या खोक्यांना फिती बांधत.

“मिस ओझेला, विकायला ठेवलेली एक तरी हॅट असेल ना तुमच्याकडे?”

“डोक्याशिवाय हॅट कशी असेल, पोरा?” ती म्हणाली.

मग एक नवी करा, असं त्याने सुचवलं. ती म्हणाली, कुणासाठी? दुकानासाठी, तो म्हणाला. ती म्हणाली, दुकान कुठल्या बाकावर बसतं? आम्ही हसलो, तोही हसला. पण दिवस थोडे होते, मालकाला गिऱ्हाईक मिळालं होतं. ओझेलाने खरंच प्रयत्न केला. लाकडी ठोकळ्यावर बकरम, हॅटच्या आतलं ते ताठ कापड, ओलं करून ताणलं, वाफ दिली, आणि दर वेळी ती हॅट अशी व्हायची की तिच्याकडे बघून कुणाचीच आठवण येऊ नये. तिने त्या सगळ्या चुरगाळून टाकल्या.

मग एका सकाळी कॉर्डेल आईची जांभळी हॅट घेऊन आला.

ओझेलाने ती हातात घेतली नाही. म्हणाली, “ही माझी नाही, मी कशी देऊ? आणि तुझीही नाही.”

“मग कुणाची, मिस ओझेला?”

“जिची आहे ती परत मागायला येणार नाही. म्हणून तर जास्त जपायची.”

कॉर्डेलने हॅट टेबलावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, “आई असती तर काय म्हणाली असती? ओझेलाचं दुकान गेलं तरी चालेल, पण माझी हॅट राहू दे, असं म्हणाली असती?”

उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं. लव्हिनियाने हॅटच काय, डोकं काढून दिलं असतं. ओझेला मागच्या खोलीत गेली आणि तिने पाणी उकळायला ठेवलं. नाही म्हणाली नाही. तो ते हो समजला. मीही तसंच समजले.

पुढचं सगळं भराभर झालं. दुकानाला हॅट फार आवडली, म्हणाले अशी कड आम्ही कुठे पाहिली नाही. करार झाला, निधीवाल्यांनी मान डोलावली, इमारत ओझेलाच्या नावावर झाली. चेरीची झाडं गुलाबी झाली होती तेव्हा आम्ही रस्त्यावर टेबलं मांडून जेवण केलं, मासे, बटाट्याचं सॅलड, लोण्याचा केक. रेव्हरंड इफ्रेम लाउडरमिल्क यांनी उंबऱ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. कॉर्डेल पोरासारखा रडला. ओझेला सगळ्यांना केक वाढत होती. तिने त्याला एकदाच विचारलं, हॅट कधी परत येणार? तो म्हणाला, येईल, त्यांचं काम झालं की लगेच. आणि पुढे एका रविवारी त्याने चर्चमध्ये उभं राहून सांगितलं की मिस ओझेलाची हॅट आता अटलांटात मिळते, मातृदिन जवळ आलाय, आपलं आपल्या माणसांकडूनच घ्या. सगळे आमेन म्हणाले. त्याचं काय चुकलं? याच कामासाठी तर तो परत आला होता.

मातृदिनाला आमच्याकडे कोटाला फूल लावायची रीत आहे, आई असेल तर लाल, नसेल तर पांढरं. फुलांची टोपली दाराशी माझ्याच हातात असते. कॉर्डेलने पांढरं फूल घेतलं आणि आईच्या बाकावर, तिच्या जागेशेजारी जाऊन बसला.

मग सिस्टर डेल्फिन आली, चर्चमध्ये आम्ही बायका एकमेकींना सिस्टरच म्हणतो. डोक्यावर पिवळी हॅट. डावीकडे झुकलेली, उजवीकडे पंखासारखी उचललेली. मुलीने अटलांटाहून आणली होती, मुद्दाम, आपल्या ओझेलाच्या नावाची म्हणून. तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. मी तिला बसवलं. मागोमाग एक पांढरी आली, मग एक आकाशी. पोरांनी हौसेने घेतलेल्या. बायका एकमेकींकडे बघून आधी चपापल्या, मग जरा ओशाळल्या, पण मुलांसमोर काय बोलणार? शेवटी उशिरा आली ती जांभळी. तीच हॅट, तोच रंग. ती बाई आमच्याकडे नवीन होती, लव्हिनियाला तिने कधी पाहिलं नव्हतं. मोकळी जागा बघून ती कॉर्डेलच्या दोन बाक पुढे बसली.

मला वाटलं, देवा, आज रेव्हरंडांना दुसरं काही तरी बोलू दे. पण मातृदिनाला ते मरियेवरच बोलतात. तुम्ही त्यांना ऐकलं नाहीत म्हणून सांगते. ते आधी अगदी साधं बोलतात, शेजारी बसून बोलावं तसं. मग ऑर्गनवाला एखाद्या वाक्याच्या शेवटाला हलकेच टेकू देतो. मग दुसऱ्या. हळूहळू शब्द चालायचे थांबतात आणि तरंगायला लागतात, आणि तुम्हाला कळतही नाही की प्रवचन कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं. त्या दिवशी ते क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईबद्दल सांगत होते. शिष्य पळाले, ते म्हणाले. आणि आई? उभी होती, आम्ही म्हणालो. सूर्य झाकोळला, आणि आई? उभी होती. लेक वरून बघतो, घाम आणि रक्त डोळ्यांत जातंय, गर्दीत माणूस ओळखू येत नाही, पण एक ओळखू येते. कोण? ती बघ. ती बघ. तुझी आई तिथे उभी आहे.

सुराच्या त्या उंचीवर सगळी माणसं उठून उभी राहतात. चारही हॅट्स उभ्या राहिल्या.

मी दाराशी होते, त्यामुळे मला कॉर्डेलचा चेहरा दिसला. त्याने वर पाहिलं, पहिल्यांदा जांभळीकडे. क्षणभर, खरंच सांगते, तो खुलला. लहान मूल शाळा सुटल्यावर फाटकाशी बघतं तसा खुलला. मग ती बाई वळली. मग त्याला बाकीच्या दिसल्या. तो उठला आणि माझ्या शेजारून बाहेर गेला. रेव्हरंडांनी त्याला जाताना पाहिलं. त्यांचा सूर तुटला. इतक्या वर्षांत मी त्यांचा सूर तुटलेला ऐकला नव्हता. ऑर्गनवाल्याने एकट्यानेच तो कसाबसा खाली आणला.

दुसऱ्या दिवशी कॉर्डेल अटलांटाला गेला आणि आईची हॅट मागितली. त्यांनी एक खोकं दिलं. नमुना घ्यायचा म्हणजे शिवण उसवावी लागते, त्यांच्याकडची रीतच तशी. त्यांनी सगळं नीट, स्वच्छ ठेवलं होतं. रेशीम एका पाकिटात, जाळी दुसऱ्यात. आणि बकरम दाबून सपाट केलेलं, कागदासारखं. त्यांना वाटलं होतं, हे सामान आहे.

ते खोकं त्याने ओझेलाच्या टेबलावर ठेवलं. ओझेलाने झाकण उघडलं, बघितलं, आणि पाणी उकळायला ठेवलं.

तिने सबंध दुपार घालवली. बकरमची एक खोड आहे. वाफेत ते मऊ होतं आणि ज्यावर ताणाल त्याचा आकार धरतं. ठोकळ्यावर ताणलं की ठोकळ्याचा आकार आला. तिने ठोकळा बाजूला केला. लव्हिनियाची हॅट ठोकळ्यावर झालीच नव्हती, ती तिच्या डोक्यावर झाली होती. मग ओझेला म्हणाली, “पोरा, इकडे बस.”

तो खुर्चीवर बसला. तिने डोळे मिटले आणि दोन्ही तळहात त्याच्या डोक्याभोवती धरले. किती वेळ ते कुणी मोजलं नाही. तिचे ओठ हलत होते. ती आठवत होती, हे मला कळलं. बोटं कपाळावरून कानशिलाकडे जात होती, थांबत होती, परत येत होती.

“कपाळ तिचं आहे,” ती शेवटी म्हणाली. “मागून मात्र बापावर गेलास.”

तो हसला आणि त्याच हसण्यात रडू लागला. तिने हात काढले नाहीत. म्हणाली, “मीही नाही म्हटलं नव्हतं रे. तू एकट्याने नाही दिलीस.” पण त्याचा हुंदका थांबेना, आणि टेबलावर ते बकरम थंड होऊन पुन्हा सपाट झालं.

लोकांना गोष्ट कळलीच. वस्तीत काय लपतं? कुणी ओझेलाला बोललं नाही, कॉर्डेललाही नाही. फक्त आठवड्याभराने मदर हेस्टर क्रम्पलर काठी टेकत दुकानात आल्या. या बाईने जन्मात कधी गंभीर तोंडाने काही विचारलं नव्हतं.

“ओझेला, एवढंच सांग. मी गेल्यावर माझीही अटलांटात विकायला लागेल का?”

ओझेलाने म्हणायला हवं होतं, नाही मदर, कधीच नाही. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती आणि तिला स्वतःचीच खात्री उरली नव्हती. ती म्हणाली, “एकदा माझ्या हातून झालंय. पुन्हा होणार नाही, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?”

हेस्टरबाईंनी मान हलवली, तिच्या गालाला हात लावला आणि गेल्या. त्यांनी राग धरला नाही. पण नवी हॅट काही सांगितली नाही. दुसऱ्या कुणीही सांगितली नाही. बायका दुकानात यायच्या, बसायच्या, शिजवलेले वाटाणे आणून द्यायच्या, पण खुर्चीत डोकं द्यायला कुणी बसेना. अटलांटावाल्यांनी दुसरा नमुना मागितला, तो ओझेलाने दिला नाही. मग करार संपला आणि ते तशीच हॅट, एक फीत इकडची तिकडे करून, स्वतःच्या नावाने विकू लागले.

इमारत मात्र राहिली. त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. कॉर्डेलने संस्था सोडायचं ठरवलं होतं, तेव्हा ओझेलाने त्याला दुकानात बोलावून झापलं. म्हणाली, तू गेलास तर पर्सिव्हलच्या भाड्याचं कोण बघणार, मी? दुकान एका वेण्या घालणाऱ्या मुलीला दे, तिला जागा नाही. त्याने तसं केलं. आता तिथे सकाळपासून पोरी रांगेत बसतात, गाणी लावतात, आणि ती मुलगी महिन्याच्या महिन्याला हिशेब दाखवते. ओझेला मागच्या खोलीत बसायची. मी जाऊन बसायची तिच्याजवळ. तिचे हात मांडीवर उताणे पडलेले असायचे. त्यांना काम सुचत नव्हतं. एकदा मी म्हटलं, माझ्यासाठी कर एक, माझी जुनी झालीय. ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली, हात उचलले, आणि हवेतच थांबून खाली ठेवले. म्हणाली, आज नको. पुढच्या वसंतात ती झोपेतच गेली. रेव्हरंड तिच्यासाठी गायले, आणि फार सुंदर गायले, पण ते सांगायला मी तुम्हाला बसवलेलं नाही.

ओझेला आणि लव्हिनिया आता जिथे आहेत तिथे त्यांना कुणाच्या आठवणीची गरज नाही, असं मी मानते. कॉर्डेल इथे आहे. अजून दारोदार जातो, कुणाच्या पाटीसाठी, कुणाच्या परवान्यासाठी. सगळ्यांशी हसून बोलतो. फक्त मातृदिनाला चर्चमध्ये येत नाही, आणि त्या दिवशी त्याच्या दारावर थाप मारायचं धाडस माझ्याच्याने होत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागते. रात्री हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांच्या नावांनंतर एक नाव आणखी घ्या. कॉर्डेल मॅब्री. लव्हिनियाचा मुलगा, एवढं म्हटलं तरी देवाला कळेल.